तळघरातला १९४६ चा टीव्ही: चालू करू की नुसता पुसून ठेवू?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी इथे न्यू जर्सीत एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. म्हातारं जोडपं गेलं, मुलं लांब राहतात, मग दारं उघडी टाकून विक्री करतात तसलं. मी गेलो होतो शिडी घ्यायला. तळघरात वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या चादरीखाली एक लाकडी खोकं दिसलं. चादर उचलली तर दहा इंची काच माझ्याकडे बघत होती. मागच्या बाजूला आरसीए व्हिक्टर, मॉडेल ६३० टीएस. दीडशे डॉलर दिले. शिडी राहिली तिथेच.

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की काय हाती लागलंय. युद्ध संपल्यावर अमेरिकेत मोठ्या संख्येनं बनलेला हा पहिला टीव्ही, १९४६ सालचा. आत तीसेक व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे ते काचेचे दिवे. बनला कॅम्डेनला, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. तेव्हाची किंमत साडेतीनशे डॉलरच्या पुढे, अँटेना बसवायचे पैसे वेगळे.

आता प्रश्न. चासी (सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) उलटी करून पाहिली. खाली मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) डझनावारी आहेत, मेण ओघळून धूळ चिकटलेली. जाणकार म्हणतात सगळे बदल, मग चालू कर. पण सगळे बदलले तर तो १९४६ चा टीव्ही राहतो का? की पेटी पॉलिश करून बैठकीत ठेवू आणि गप्प बसू?

दुसरा छोटा प्रश्न: डायलवर चॅनल १ पासून सुरुवात आहे. इथे तर २ पासून असायचे. हे काय आहे?

चहाबाज
मी पयला! वाचतोय. फोटो टाका की राव, फोटोशिवाय जुन्या वस्तूचा धागा म्हणजे बिनरश्शाची मिसळ.

खवट_पुणेकर
तीस व्हॉल्व्हचा टीव्ही लावून बघणार काय? मालिकाच ना? त्या तर नव्या टीव्हीवरही बघवत नाहीत.

पीएल५०४
एडिसनकर, पहिली गोष्ट. प्लग लावला नाहीत ना अजून? लावू नका. कुणी हौशी पाहुणा आला तर त्यालाही लावू देऊ नका.

मी ठाण्याला १९७६ पासून टीव्ही रिपेरी केली. तुमचा अमेरिकन सेट मी कधी पाहिला नाही, पण कागदी कंडेन्सर सगळीकडे सारखाच मरतो. कागद ओल धरतो आणि कंडेन्सर डीसी गळायला लागतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला नको ते व्होल्टेज मिळालं की व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो, प्लेट लाल होते, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला बरोबर घेऊन जातो. कंडेन्सर चार आण्याचा, तो ट्रान्सफॉर्मर मिळणं मुश्किल. मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर तर इतकी वर्षं पडून राहिल्यावर बरेचदा शॉर्ट निघतात.

माझं मत: बदलायचे. सगळे. "हा चांगला दिसतोय" म्हणून एकही ठेवायचा नाही.

ओहायोवाला
काकांशी शंभर टक्के सहमत. मी कोलंबसजवळ राहतो. इथे हिलियर्डला जुन्या टीव्हींचं अख्खं संग्रहालय आहे, अर्ली टेलिव्हिजन म्युझियम. युद्धापूर्वीचे, चकतीवाले यांत्रिक, इंग्लंडचे, सगळे. एडिसनकर, एकदा याच, तुमच्या सेटची भावंडं दिसतील. ६३० ची चासी इतकी चांगली निघाली की दुसऱ्या कंपन्यांनीही परवाने घेऊन तीच थोडी फिरवून वर्षानुवर्षं विकली.

चॅनल १ बद्दल: सेट बिघडलेला नाही. युद्धानंतर चॅनल १ होताच. १९४८ साली एफसीसीने, म्हणजे इथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने, ती जागा काढून बिनतारी संदेशांच्या इतर सेवांना दिली, बाकीच्यांचे नंबर मात्र तसेच राहिले. म्हणून अमेरिकेत चॅनल २ पासून सुरू होतात. डायलवर १ म्हणजे सेट त्याआधीचा, वयाचा दाखलाच.

रसिका_ठाणे
अय्या, म्हणजे एक नंबरचं घर पाडलं पण गल्लीतले नंबर बदलले नाहीत!

ओहायोवाला
ताई, मी दहा वर्षं लोकांना हे समजावतोय, असं एका ओळीत कधी जमलं नाही.

चहाबाज
सोपा उपाय सांगू? आतलं सगळं काढा आणि फिशटँक करा. माझ्या आत्याकडे जुन्या टीव्हीचा केलाय, फार गोड दिसतो. नाहीतर आत बारका एलईडी टीव्ही बसवा, बाहेरून जुना, आतून नवा.

पीएल५०४
चहाबाज, तुम्ही ठाण्याला येऊ नका.

डूमाँटभक्त
@चहाबाज, १९४६ साली अख्ख्या अमेरिकेत मिळून सात हजारांच्या आत सेट बनले. १९५० साली सत्तर लाखांच्या वर. फिशटँकच करायचा असेल तर १९५० नंतरचा मोडका सेट घ्या, तोही ज्याची पिक्चर ट्यूब गेली आहे असा. ४६ च्या पेटीत मासे सोडणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं.

खवट_पुणेकर
आमच्या शेजारी पैठणीचे सोफा कव्हर शिवलेत. लोकांचा काही भरवसा नाही.

चहाबाज
बरं बाबा, मासे परत घेतो. धाग्याचा काश्मीर करू नका.

थेम्सकाठी
इंग्लंडहून हजेरी. माझ्याकडे बुश टीव्ही २२ आहे, १९५० चा, नऊ इंची, काळपट तपकिरी बेकलाइटची पेटी. दिसायला इतका देखणा की दिवाळीला मित्र आले की पणत्यांआधी त्याचे फोटो काढतात. त्याचा थोरला भाऊ टीव्ही १२, त्यात एकाच केंद्राचं चॅनल लागायचं. घर बदललं तर टीव्ही मुका. २२ मध्ये पाचही चॅनल जुळवायची सोय आली म्हणून तो अफाट खपला.

आमची अडचण तुमच्यापेक्षा मोठी. तुमचा सेट ५२५ रेषांचा (चित्र जितक्या आडव्या रेषांनी बनतं तो आकडा), अमेरिकेत अगदी परवापर्यंत तेच प्रमाण होतं. इथे जुने सेट ४०५ रेषांचे, आणि ते प्रक्षेपण १९८५ च्या जानेवारीत कायमचं बंद झालं. त्यामुळे मला ६२५ चं ४०५ करणारा डबा लावावा लागतो. टीव्हीपेक्षा डब्याला जास्त पैसे पडले, हे बायको वाचत नाही म्हणून लिहितोय.

एक सावधगिरी, भारतात जुने सेट उघडणाऱ्यांसाठीही: टीव्ही २२ ला मेन ट्रान्सफॉर्मर नाही, चासी थेट मेनशी जोडलेली. प्लग उलटा लागला तर चासीवर पूर्ण २४० व्होल्ट. नॉबच्या स्क्रूला हात लागला तरी झिणझिण्या. मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून वेगळं ठेवणारा) हातच लावत नाही.

रसिका_ठाणे
मला तांत्रिक काही कळत नाही, पण आमच्याकडे १९७४ साली शटरचा टीव्ही आला तेव्हा आजोबांनी त्याला हार घातला होता. शटरला कुलूप, किल्ली आजीच्या कनवटीला. आणि पुढे ती रंगीत प्लास्टिकची काच! वर निळी, मधे पिवळसर, खाली हिरवी. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि साडी कायम हिरवी.

ओहायोवाला
ताई, ती काच अमेरिकेतही विकायचे, रंगीत टीव्ही यायच्या आधी! सात इंची सेटपुढे लावायला भिंगही असायचं, पारदर्शक तेल भरलेलं. तीन इंचीसुद्धा टीव्ही होता, पायलट कंपनीचा, १०० डॉलरच्या आत मिळणारा. पोस्टकार्डाहून लहान पडद्यापुढे अख्खं कुटुंब.

जुनाबाजार
अवांतर: पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अजूनही पीसीएल ८५, पीएल ५०४ हे टीव्हीचे व्हॉल्व्ह दिसतात, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यासकट. विकणाऱ्याला वाटतं हे गिटारच्या अँप्लिफायरवाले घेतात, म्हणून भाव सोन्याचा.

पीएल५०४
माझ्या नावाचा व्हॉल्व्ह निघाला म्हणून लिहितो. तो लाइन आउटपुटचा, म्हणजे पडद्यावरचा झोत आडवा फिरवणारा. ड्राइव्ह (आधीच्या टप्प्यातला सिग्नल) मिळाली नाही की अंगारासारखा लाल. पीसीएल ८५ गेला की चित्र वरून-खालून दबायचं, माणसं बुटकी. लोक म्हणायचे, "काका, आज बातम्यांत सगळे ठेंगणे आलेत."

पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की आम्ही बूस्टर लावायचो. छोटा ट्रान्सफॉर्मर, हीटरला ६.३ ऐवजी थोडं जास्त व्होल्टेज. सहा महिने, वर्षभर ढकलायची. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं की ही सलाइन आहे, बरी झालेली नाही.

खवट_पुणेकर
व्हॉल्व्ह की ट्यूब, एकदाच काय ते ठरवा. निम्मे व्हॉल्व्ह म्हणताय, निम्मे ट्यूब.

थेम्सकाठी
इंग्रजांकडून शिकलेले व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकन ट्यूब म्हणतात. फ्लेमिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली दोन टोकांचा दिवा केला. वीज एकाच दिशेने जाऊ देतो, पंपाच्या झडपेसारखा, म्हणून व्हॉल्व्ह. त्यामागचा मूळ परिणाम एडिसनला मेनलो पार्कमध्ये दिव्यांवर काम करताना दिसला होता.

एडिसनकर
थांबा थांबा. मेनलो पार्क म्हणजे आमच्याच एडिसन गावात! त्या एडिसनवरूनच गावाचं नाव. मी रोज त्याच नावाच्या स्टेशनवरून गाडी पकडतो आणि मला हे आज कळतंय.

खवट_पुणेकर
चला, एडिसनकरांची ट्यूब पेटली.

जुनाबाजार
=)) =))

डूमाँटभक्त
मूळ प्रश्नाकडे या. मी काकांच्या आणि ओहायोवाल्यांच्या थोडा विरोधात जातो. माझ्याकडे डूमाँट कंपनीचे तीन सेट आहेत (पसेइकला कारखाना होता, तुमच्या शेजारीच. त्यांच्या ट्यूनरवर टीव्हीच्या दोन चॅनलच्या मधे एफएम रेडिओसुद्धा लागतो, टप्पे नाहीत, सरळ फिरवत जायचं). दोन चालू केलेत. तिसऱ्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. त्याचा प्रत्येक सांधा कारखान्यातला आहे. कुणा कामगाराने वायर कशी वळवली, कुठे गाठ मारली, ते दिसतं. एकदा कापलं की गेलं. चालणारे सेट बरेच आहेत, न छेडलेले कमी. सेटचा उपयोग चित्र दाखवणं एवढाच नाही.

ओहायोवाला
मधला मार्ग आहे. जुना कंडेन्सर काढायचा, गरम हवेने मेण सैल करून आतली गुंडाळी ओढून काढायची, रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात नवा छोटा फिल्म कंडेन्सर बसवायचा आणि दोन्ही टोकं मेणाने बंद करायची. चासीखाली १९४६, आतून आजचं. फिल्म कंडेन्सर ६३० व्होल्टचे सर्रास मिळतात, ६३० टीएसला ६३० व्होल्ट, पत्रिका जुळली म्हणायची. वेळ मात्र भयंकर जातो. माझ्या पहिल्या सेटला सगळा हिवाळा गेला.

डूमाँटभक्त
मला ते पटत नाही. ते म्हणजे खोटं बोलणं. नवा भाग लावलात तर नवा दिसू द्या.

पीएल५०४
दुकानात वेळ नव्हता म्हणून आम्ही नवाच लावायचो. पण जुना काढलेला पिशवीत घालून पेटीच्या आत ठेवायचो, गिऱ्हाइकाला वाटू नये की न बदलता पैसे घेतले. एडिसनकरांनी तेवढं करावं. जुने सगळे डब्यात, वर चिठ्ठी, कुठला कुठून काढला.

रसिका_ठाणे
काका, हे सर्वांत आवडलं.

एडिसनकर
सर्वांचे आभार. ठरलं, चालू करायचा. इंडियानापोलिसच्या सॅम्स कंपनीची जुनी सर्किट-पत्रकं मिळवली. ही कंपनी १९४६ पासून प्रत्येक सेटचं सर्किट, फोटो, व्होल्टेज छापायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला एवढं मिळायचं, हे पाहून हेवा वाटला. कामाला लागतो. दोन महिन्यांनी हजेरी लावतो.

पीएल५०४
जाण्याआधी ऐका. पहिल्यांदा सिरीज दिव्यावर. शंभर वॉटचा जुन्या तारेचा बल्ब सेटच्या ओळीत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट. लगेच बंद. तुमचा सेट तीनशेच्या वर वॉट ओढत असणार, त्यामुळे या बल्बवर चित्राची अपेक्षा नको, फक्त तब्येत बघायची.

पिक्चर ट्यूबला नऊ-दहा हजार व्होल्ट. बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते, आधी चासीला डिस्चार्ज करा. एक हात खिशात. आणि ट्यूब मानेला धरून उचलायची नाही.

थेम्सकाठी
ट्यूबबद्दल दुजोरा. आत निर्वात. दहा इंची तोंडावर हवेचा एकूण दाब अर्ध्या टनाहून जास्त. माझी एक ट्यूब एका कुरियरने पाठवताना फुटली, खोक्यात काचेचा रवा आला. डोळ्यांवर चष्मा हवाच.

चहाबाज
अर्धा टन! मासे बरे होते.

एडिसनकर
दोन महिने म्हणालो होतो, चार झाले. क्षमस्व. "व्यत्यय" पाटी लावायला हवी होती.

हिशेब सांगतो. सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदलले. रेझिस्टर मोजले, एक मेगओहमचे १.४ मेगओहम झालेले, तेही बदलले. दोन व्हॉल्व्ह मेलेले. सिरीज दिवा मंद झाला तेव्हा एवढा आनंद झाला की बायकोला वरून हाक मारून बोलावलं. तिने दिवा पाहिला आणि गेली.

मग सरळ मेनवर. तीस सेकंदांनी आवाज, चाळीसेक सेकंदांनी आतून बारीक शिट्टी. हाय व्होल्टेज आलं. पडदा मात्र काळा ठिक्कर.

पीएल५०४
वाईट वाटतं लिहायला, पण ट्यूब गेली. एवढ्या वर्षांत एमिशन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायची ताकद, संपतं. बूस्टर लावून बघा, नाहीतर दुसरी शोधा.

ओहायोवाला
काका, माफ करा, इतक्यात नको. दुसरी कुठून आणणार? ट्यूब नव्याने भरून देणारा इथला शेवटचा कारखाना बंद पडला, त्याची यंत्रं संग्रहालयाने घेऊन ठेवलीत.

एडिसनकर, ट्यूबच्या मानेवर चुंबकाचं कडं आहे, आयन ट्रॅप. ते हलवलंत का? या ट्यूबमधली गन मुद्दाम वाकडी असते. जड आयन सरळ पडद्यावर आदळले तर मधोमध तपकिरी डाग पडतो, म्हणून सगळा झोत आधी बाजूला मारतात आणि चुंबकाने फक्त इलेक्ट्रॉन परत वळवून घेतात. कडं अर्धा इंच सरकलं तरी पडदा काळा. ब्राइटनेस कमी ठेवून हळूहळू पुढे-मागे आणि गोल फिरवा. चुकीच्या जागी फार वेळ चालू ठेवू नका, ट्यूब खराब होते.

पीएल५०४
आमच्या काळापर्यंत ट्यूबला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा यायचा, हे कडं आम्हाला कधी लागलं नाही. पन्नास वर्षं काम करूनही हे ठाऊक नव्हतं. करून बघा आणि लगेच कळवा.

एडिसनकर
काका, ओहायोवाले, ट्यूब जिवंत आहे!!

कडं जवळजवळ पाव फेरा फिरलेलं होतं, साफसफाईत मीच हलवलं असणार. आधी कोपऱ्यात धूसर उजेड, मग एकदम सगळा पडदा. डिजिटल डब्याला मॉड्युलेटर (चित्र जुन्या चॅनलवर सोडणारी डबी) जोडून चॅनल ३ वर लावलं. आधी तिरप्या पट्ट्या, हॉरिझॉन्टल होल्ड फिरवला आणि चित्र थांबलं. इथली हवामानाची बातमी चालू होती.

साताऱ्याहून आई-बाबा आलेत. आईला खाली आणलं. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी चार महिने?" मग खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने म्हणते, "तो वास आला बघ. आपला टीव्ही तापला की असाच यायचा." पाऊण तास हलली नाही. हवामान इथलं की कुठलं, काही देणंघेणं नाही.

आता मूळ प्रश्न. नळकांडी भरायला बसलो तेव्हा एक गंमत सापडली. चासीखाली चार कंडेन्सर वेगळ्या कंपनीचे, डाग ओबडधोबड, आणि एका व्हॉल्व्हच्या अंगावर पेन्सिलने बारीक अक्षरात ५३ चा मार्च. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी हा सेट उघडून दुरुस्त केला होता, आणि लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. मी इतके दिवस १९४६ चा म्हणून सांभाळत होतो, तो सात वर्षांचा असतानाच काही भागांत १९५३ चा झाला होता. मग डूमाँटभक्तांचं ऐकलं. नळकांडी भरायची सोडली, नवे पिवळे कंडेन्सर उघडे दिसू दिले. त्या ५३ च्या मेकॅनिकचे चारही काढावे लागलेच, पण ते डब्यात सर्वांत वर ठेवलेत. आणि बदललेल्या एका व्हॉल्व्हवर मीही पेन्सिलने महिना-वर्ष लिहिलंय.

डूमाँटभक्त
माझा न उघडलेला सेट आता उघडून बघावासा वाटतोय. छळ आहे हा.

खवट_पुणेकर
छान. (हे माझ्याकडून जपून ठेवा, वर्षातून एकदा येतं.)

चहाबाज
फोटो!!! चार महिने मागतोय!

एडिसनकर
काढले हो, वीसेक. प्रत्येकात पडद्यावर आडवा काळा पट्टा येतो. डोळ्यांना दिसत नाही, फोटोत येतो. पुन्हा काही बिघडलं की काय?

पीएल५०४
काही बिघडलं नाही. कॅमेरा चित्रापेक्षा घाईत आहे. तुमच्याकडे सेकंदाला तीस चित्रं, तेव्हा शटर एक तीसांश सेकंदावर ठेवा, दिवे घालवा, आणि कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवून काढा. आई उठल्यावर.